सातवी गुटी

हे लिहायला घेण्याआधी मी दोन वेळा वही मिटून ठेवली. स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहावीत असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलेलं नाही. वडिलांचं सर्वांत मोठं लिखाण म्हणजे विजेच्या कनेक्शनचा अर्ज, आणि तोही दुसऱ्याकडून लिहून घेऊन त्यांनी खाली फक्त सही केली होती. घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. त्यामुळे चार पुस्तकं वाचून हा आता लेखक व्हायला निघाला, असं कुणाला वाटलं तर मला राग येणार नाही. तशी माझी तयारी नाही, हे मला माहीत आहे. माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ज्यांना ती सांगायला हवी होती त्यांना मी सांगितली नाही, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी काष्टीजवळच्या एका वाडीवरचा. नगरला बी.एस्सी.साठी आलो तेव्हा कॉट बेसिसवर राहायला लागलो. खोलीत पाच कॉट होत्या आणि एक पंखा, तोही तिसऱ्या कॉटवर. माझी कॉट पाचवी. म्हणून मी वाचायला बागेत जायचो. ती बाग कुठली हे नगरमध्ये राहिलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही, तेव्हा नाव लिहीत नाही. सकाळी तिथं स्वेटर घालून फिरणारे निवृत्त लोक असायचे, दुपारी स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं उशाला घेऊन झोपलेली मुलं, आणि संध्याकाळी घसरगुंडीपुढं ही रांग. मुलगी पाहून झाली की मोठी माणसं स्वतःहून "जा, बागेत बसून बोला दोघं" म्हणतात, अशी ती बाग. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे लहानपणीचे फोटो तिथल्या एकाच सिमेंटच्या हरणावर बसून काढलेले होते.

बागेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ, कवठी चाफ्याचं एक जुनं झाड होतं. त्याचं पान जाड, वरून तेल लावल्यासारखं चकचकीत आणि खालून तांबूस. फूल ओंजळभर, पांढरं. त्याच्या खालच्या बाकावर मी बसायचो, आणि बागेचे माळी आपलं खुरपं आणि पाटी तिथंच ठेवायचे. त्यांना मी मामा म्हणायचो. ते मला 'कॉलेज' म्हणायचे.

"काय रं कॉलेज, सकाळधरनं एकच पान धरून बसलाय. पिकून गळायचं आता ते पान."

"अवघड हाय मामा."

"अवघड असंल तर चार येळा वाच. ह्या वाफ्यातलं गवत काय मी एकदाच उपटतो व्हय?"

असं आमचं चालायचं. शहरात मला बोलताना अडखळायला व्हायचं. वर्गात 'हाय' तोंडातून गेलं की मागचा बाक हसायचा. मामांशी बोलताना मला काही सुधारून घ्यावं लागत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या आषाढात एक दिवस मी आलो तर मामा शिडीवर चढलेले. चाफ्याच्या फांदीभोवती ओलं शेवाळ दाबत होते.

"गुटी बांधताय व्हय?" मी विचारलं.

ते शिडीवरूनच वळले. "तुला रं काय ठावं गुटी?"

मी सांगितलं की माझी आई डाळिंबाच्या नर्सरीत गुट्या बांधायला जाते, आणि शाळेत असताना पावसाळ्यातला एकही रविवार मला मोकळा मिळाला नाही.

"मंग तू आपल्यातलाच निघाला की! धर शिडी."

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल गोल सोलून काढायची. त्या उघड्या जागेवर ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिकचा कागद, आणि दोन्ही टोकं सुतळीनं बांधायची. आतल्या ओलाव्यात फांदीला मुळं फुटतात. मुळं धरली की फांदी खालून कापायची. ते झालं नवं रोप. मात्र तोवर तिला उघडायचं नाही. वारा लागला की कोवळी मुळं जळतात. आमच्याकडं चालायला लागलेलं पोरही गुटीला हात लावत नाही.

शिडी धरून उभा असताना मला बुंध्यावरची लाल रंगाची फुली दिसली. झाड आतून पोखरलं होतं आणि फिरायच्या रस्त्यावर कललं होतं. दिवाळीनंतर ते पाडायचं असं ठरलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. मामांनी स्वतः बुंध्यावर टिचकी मारून मला आतला पोकळ आवाज ऐकवला.

"मी कामाला लागलो तवा हे माझ्या गुडघ्याएवढं हुतं," ते म्हणाले. "पैलं काम दिलं ते ह्याला पानी घालायचं. आता दिवाळीला मीबी रिटायर आन् हेबी. एखादं पोर तरी मागं राहू दे ह्याचं."

मागच्या दोन पावसाळ्यांत त्यांनी बांधलेल्या गुट्या फुकट गेल्या होत्या. बी लावून पाहिलं होतं, ते उगवलंच नाही. हा शेवटचा पावसाळा. त्यांनी सहा गुट्या बांधल्या.

"सहा झाल्या," ते बोटं मोजत म्हणाले. "सहातली एक जगली तरी मी सुखानं घरी जाईन."

कवठी चाफा डाळिंबासारखा लवकर मुळं धरत नाही. तीन-तीन महिने वाट पाहावी लागते. मामा रोज सकाळी खाली उभं राहून नुसते वर बघायचे. कधीकधी मीही बघायचो.

आता त्या खेळाचं सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, शहरातलाच, मनानं मोकळा. पुण्याला शिकणाऱ्या थोरल्या भावाकडून त्यानं जिओकॅशिंग नावाचा खेळ शिकून घेतला होता. एकानं कुठंतरी छोटा डबा लपवायचा, मोबाईलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकायचे आणि सोबत एखादा खाणाखुणांचा इशारा द्यायचा. बाकीच्यांनी शोधायचं. डब्यात एक वही असते. सापडला की तिच्यात सही करायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बक्षीस वगैरे काही नाही. जगभर लोक हे खेळतात, हे ऐकून मला नवल वाटलं. त्याच्यासोबत चार-पाच जण रविवारी डबे शोधत फिरायचे, आणि श्रावणात कधीतरी त्यांनी मलाही बरोबर घेतलं.

एकदा चहाच्या गाडीवर मी म्हणालो की मीपण एक डबा लपवतो.

"ए काष्टी, तू लपवणार? तुमच्याकडं बाजार भरतो ना जनावरांचा? एखादा बैल लपव."

"बैल सापडल्यावर सही कुठं करणार, शिंगावर?" मी म्हणालो.

सगळे हसले. वर्षभरात पहिल्यांदाच मी काही बोललो म्हणून ते हसले होते. हे मी एवढ्यासाठी लिहितो की त्या हसण्याचं मला किती वाटलं ते कळावं. खोलीवर जाईपर्यंत मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

त्यांनी लपवलेले डबे बाकाखाली नाहीतर पुलाच्या कठड्याला चिकटवलेले असायचे. पाच मिनिटांत सापडायचे. मला कुणाला सुचणार नाही असं काहीतरी हवं होतं. आणि लपवण्यासारखी एकच कला मला येत होती.

मी औषधाच्या गोळ्यांची रुंद तोंडाची एक रिकामी डबी घेतली. आत छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवला. डबीभोवती शेवाळ गुंडाळलं, वर प्लास्टिक, आणि आईनं शिकवलेल्या गाठीनं दोन्ही टोकं बांधली. नर्सरीतल्या बाया सुतळीचं टोक आतून घेऊन असं अडकवतात की बांधलेलं घट्ट राहतं, पण टोक ओढलं की एका झटक्यात सुटतं. दिवसाला शेकड्यांनी गुट्या सोडायच्या असतात, म्हणून. मामा मात्र दोन गाठी मारून करकचून आवळायचे. ही माझी गुटी मी दुपारी मामा जेवायला गेले असताना त्याच चाफ्याच्या खालच्या फांदीला बांधली. सहात सातवी. खाली उभं राहून बघितलं तर मलाच चटकन ओळखू येईना. मला फार आनंद झाला.

ती जागा मोबाईलवर नोंदवताना एक प्रश्न येतो: या जागेची देखभाल करणाऱ्यांची परवानगी घेतली आहे का? त्यापुढं मी 'हो' अशी खूण केली.

तोवर मामा जेवून परत आले होते, विचारायला वीस पावलांवर होते. पण त्यांना काय सांगणार? डबा लपवायचा, लोकांनी शोधायचा आणि परत ठेवायचा, "मंग मिळतं काय?" असं ते विचारणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते 'नको' म्हणतील ही भीती होतीच. तशी भीती वाटते म्हणजे आपल्यालाही ते बरोबर वाटत नाही, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

इशारा मी मराठीत लिहिला आणि त्याचा मला अभिमान होता. 'सात भावंडं एका झाडावर. सहा जणांच्या गाठी आवळलेल्या, सातव्याची ओढली की सुटणारी. त्याच्याच पोटात कागद.' ज्याला गाठ ओळखता येईल तो बाकीच्या सहांना हातही लावणार नाही, असं मी धरून चाललो. माझी खरी चूक ही होती. गुटी म्हणजे काय हे सगळ्यांना माहीतच असतं, असं मला वाटलं. शहरातल्या कुणालाही ती फांदीला लटकवलेली प्लास्टिकची पुडी दिसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्यांदा हा खेळ शिकवणारा माझा मित्र आला. मी शेजारी उभा होतो, नजरेनंच त्याला योग्य फांदी दाखवली. त्यानं टोक ओढलं, गाठ सुटली, आणि तो ओरडलाच, "भावा! काय डोकं आहे तुझं!" त्यानं सही केली आणि मी पुन्हा बांधून ठेवलं. मोबाईलवर त्यानं लिहिलं की नगरमध्ये एवढं भारी लपवलेलं त्यानं पाहिलं नाही. मी ते दिवसातून कितीदा तरी उघडून वाचायचो.

पोळ्याला मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आईबरोबर गोठ्यापुढं बसलो होतो. मोबाईल वाजला. बाहेरगावाहून आलेल्या एका गटानं माझा डबा शोधला होता. त्यांनी लिहिलं होतं, 'जबरदस्त आयडिया! सहा फुसक्या निघाल्या, सातवीत सापडलं!' पुढं हसणारे चेहरे होते.

मी ते दोनदा वाचलं. सहा फुसक्या.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"काय न्हाई."

"तोंड उतरलं तुझं. परीक्षेचं हाय का काय?"

"व्हय," मी म्हणालो.

आई गुटीवर जगणारी बाई. तिला सांगितलं असतं तर तिनं मला तिथल्या तिथं सांगितलं असतं काय करायचं ते. पण मला तिचं तोंड बघवेना. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघालो.

बागेत पोचलो तेव्हा मामा चाफ्याखाली उकिडवे बसले होते. पुढं प्लास्टिकचे कागद नीट एकावर एक ठेवलेले, बाजूला शेवाळाचे गोळे. फिरायला येणारे एक गृहस्थ छत्री टेकवून उभे होते.

"काल तुम्ही नव्हतात तेव्हा मी बघितलं ना त्यांना," ते मामांना सांगत होते. "पाच-सहा मुलंमुली होती. चांगल्या घरची. मला वाटलं, कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, म्हणून मी काही बोललो नाही."

"तुमी काय करनार सायेब," मामा म्हणाले.

गृहस्थ गेले. मामांनी मला एक फांदी खाली वाकवून दाखवली. सोललेल्या जागेच्या कडेला शेवयांसारखी जाड, पांढरी मुळं फुटली होती. बोटाच्या पेराएवढी. त्यातली काही तुटलेली, काही टोकांना तपकिरी पडून वाळलेली.

"धरली हुती रं," ते म्हणाले. "औंदा धरली हुती. सहाच्या सहा."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून माझी डबी काढली. "हे सापडलं वर. विंग्रजीत हाय. वाच बरं, तू शिकलेला."

वहीच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर होतं. खेळाचे नियम मी मोठ्या अक्षरांत उतरवून काढले होते. खाली सह्या. शेवटच्या सहीशेजारी एक हसरा चेहरा. मी वाचल्यासारखं केलं.

"एक खेळ हाय मामा. लपवायचं आन् हुडकायचं."

"कुनी लपीवलं ते लिवलंय का?"

"नाव खोटं हाय," मी म्हणालो. खेळात घेतलेलं नाव होतं ते. त्या दिवशी मी त्यांच्याशी तेवढंच खरं बोललो.

त्यांनी डबी परत हातात घेतली. तिच्या एका टोकाला न सुटता राहिलेली सुतळी बोटांत धरून हळूच फिरवली.

"ही गाठ बग. नर्सरीतली हाय. म्हंजी गुटी काय असती हे ठावं असनाऱ्यानंच केलंय हे. न कळनाऱ्याचं मी मनावर घेत न्हाई, कॉलेज. पोरं हायती, उघडून बगनारच. पन ज्याला कळतंय त्यानं..."

त्यांनी तेव्हा माझ्याकडं बघितलं का, हे मला सांगता येणार नाही, कारण मी वर बघितलंच नाही. माझी आई नर्सरीत जाते हे त्यांना मीच सांगितलेलं होतं. त्यांच्या मनात आलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

सहापैकी दोन गुट्यांचं शेवाळ अर्धवट चिकटून राहिलं होतं आणि रात्री पाऊस झाल्यानं आतली मुळं ओली होती. मामा उठले. "ह्या दोन परत बांधू. एक मी बांधतो, एक तू बांध. तुझा हात हलका हाय."

त्यांनी मला ताजं शेवाळ, कागद आणि सुतळी दिली. मी शिडीवर चढलो. ते खाली उभं राहून माझ्या हातांकडं बघत होते.

इथं मी काय केलं ते लिहायलाच मला सगळ्यात जड जातं. मी माझी गाठ बांधली नाही. लहानपणापासून डोळे मिटून मारलेली, आईनं माझी बोटं धरून शिकवलेली गाठ. ती बांधली असती तर मामांना कळलं असतं. मी त्यांच्यासारख्या दोन गाठी मारल्या, करकचून, जसं मला कधीच जमत नाही तसं. "असं बांधता व्हय तुमच्याकडं?" त्यांनी खालून विचारलं. मी "व्हय" म्हणालो. आईचं शिकवणंही मी नाकारून टाकलं, तेही तिच्याच कामात.

आठवड्याभरात माझी गुटी गेली. खालची गाठ ढिली राहिली होती, पावसाचं पाणी आत साचलं आणि साल कुजली. मामांनी ती काढून मला दाखवली आणि म्हणाले, "हुतंय असं." मला ते एक शब्दही लावून बोलले नाहीत.

डबा मी त्याच दिवशी खेळातून काढून टाकला. मित्रानं विचारलं तेव्हा जमेल तसं सांगितलं.

"अरे पण फांद्याच ना त्या? दुसऱ्या बांधता येणार नाहीत का?"

"मुळं धरायला तीन महिने लागतात. तोवर झाडच नसणार."

पुढच्या रविवारी कुठल्याशा नर्सरीतून शेवाळाची मोठी पिशवी घेऊन तो बागेच्या फाटकाशी उभा होता. "चल, मामांना भेटू. मी सांगतो आपण मुद्दाम नाही केलं म्हणून." तो खरोखर चांगला मुलगा आहे. पण तो आत गेला असता तर 'आपण' या शब्दाचा अर्थ मामांना कळला असता. मामा आज सुट्टीवर आहेत, असं सांगून मी त्याला परत पाठवलं. आतून पाइपाचं पाणी सोडल्याचा आवाज येत होता. पिशवी मी खोलीवर नेली आणि ती तिथंच वाळून गेली.

त्यानंतर मी बागेत जाणं कमी केलं. खोलीतच वाचायचो. गेलो तरी पुढच्या बाजूला, घसरगुंडीपाशी बसायचो. मामा लांबून हात करायचे. "काय कॉलेज, तिकडं ऊन कमी लागतं व्हय?" मी हसून पुस्तक वर करून दाखवायचो. रोज ठरवायचो की आज सांगायचं. वाक्यसुद्धा तयार होतं: मामा, ती सातवी माझी होती. एवढंच वाक्य, परीक्षेच्या उत्तरासारखं पाठ केलेलं. कधी ते टाकीवर चढलेले असायचे, कधी कुणाशी बोलत असायचे, आणि कधी अगदी एकटे बाकावर बसलेले असायचे, तरीही मी जात नव्हतो.

मामांनी बांधलेली गुटी तेवढी राहिली. दिवाळीच्या आधी त्यांनी ती कापली आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली. मला बोलावून दाखवलं. चार पानं होती, दोन त्यांनी अर्धी कापली होती, रोपावर भार नको म्हणून. "एक तरी आलं," ते म्हणाले. ते इतके खूश होते की आता सांगून त्यांच्या आनंदात कशाला विरजण घालायचं, असं मी स्वतःला समजावलं. सोयीचं होतं ते मला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त राहिलो. कांद्याच्या लागणीचं कारण सांगितलं. परत आलो तेव्हा चाफा नव्हता. बुंधा जमिनीलगत कापला होता, रस्ता सरळ झाला होता, आणि टाकीवर एकदम लख्ख ऊन पडलं होतं. मामाही गेले होते.

फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "अरे, कुठं होतास? मामा शेवटचे चार दिवस तुझी वाट बघत होते. रोप घेऊन गावी गेले, कोल्हारला. तुझा नंबर विचारत होते, माझ्याकडं नव्हता."

मी नंबर लिहून दिला. मामांचा नंबर त्यानं मला दिला. नगरहून कोल्हार काही लांब नाही, मनमाड रोडनं तास-दीड तासात माणूस पोचतो. पण मी गेलो नाही. फोनही केला नाही. हिवाळा असाच गेला. एकदा मोबाईलवर सगळं लिहून काढलं, वाचलं, आणि पुसून टाकलं. मामा मोबाईलवरचं वाचत नाहीत, असं मनाला सांगितलं. ते खरं होतं, पण त्यांच्या घरात वाचणारी माणसं असतीलच की.

परीक्षा झाल्यावर जायचंच, असं मी नक्की केलं होतं. आईलाही शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन पाया पड त्यांच्या. आन् तोंडानं सांग. दुसऱ्याच्या हाती निरोप धाडू नको."

शेवटचा पेपर व्हायला चार दिवस होते तेव्हा फोन आला. अनोळखी नंबर.

"बागेत अभ्यासाला बसायचा तो मुलगा का तुमी?" पलीकडून आवाज आला. मामांचा थोरला मुलगा बोलत होता. "वॉचमनकडून नंबर घेतला तुमचा. बाबांनी लई मागं लावलं, म्हनून."

मी विचारलं, मामा कसे आहेत.

"बरे हायत. कानानं ऐकू यायचं कमी झालंय आता, फोनवर तर काहीच कळत न्हाई त्यांना. म्हनून मला करायला लावला. ते शेजारीच बसल्यात."

मी विचारलं, मी पुढच्या आठवड्यात भेटायला येऊ का.

"या की. पन त्यांनी एक निरोप सांगितलाय, तेवढा देतो आधी." त्यानं फोन बाजूला धरून मोठ्यानं काहीतरी विचारलं. पलीकडं मामांचा आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत. मग तो परत फोनवर आला. "ते रोप गेलं. आमच्याकडं नदीचं पानी बक्कळ, बाबा रोज सावलीत हलवायचे, माघात दोन नवी पानं फुटली हुती. पन शिमग्यानंतर वाळलं ते वाळलंच. बाबा म्हनत्यात, त्या पोरानं माझ्यासंगं लई धडपड केली हुती, त्याला कळवायलाच पायजे. आन् त्याला म्हनावं, मनाला लावून घेऊ नको, तुझी काय चूक न्हाई त्यात."